बंद न होणारं मशीन

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी आपल्या सोसायटीचे पहिले दिवस सांगितले. तो चिखल, ते पाण्याचे टँकर, रस्त्यावरचे दिवे लागले ती संध्याकाळ. ऐकताना मलाही भरून आलं. आता त्यानंतर माझा विषय म्हणजे श्रीखंडानंतर मेथीची भाजी. कार्यक्रम पत्रिकेत छापलंय, "गवत कापायच्या मशीनची देखभाल". ते वाचून दोन-चार जण चहाला उठलेत, दिसतंय मला. बसा हो, चहा आणखी पंधरा मिनिटांनी आहे.

हा विषय मी सेक्रेटरींकडून मागून घेतला. कारण गेल्या वर्षी श्रावणात आपल्या माळीमामांच्या पायाला सात टाके पडले, ते सगळ्यांना माहीत आहे. ते का पडले, ते पूर्ण कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे.

आपली ओपन स्पेस पावसाळ्यात कशी होते ते मी सांगायला नको. जूनमध्ये हरळी, जुलैत गाजरगवत कमरेला, आणि ऑगस्टमध्ये मागच्या कंपाउंडला कुणी संध्याकाळी फिरकत नाही. घोणस दोनदा निघाली आहे. म्हणून आपण ते खांद्याला अडकवायचं पेट्रोलचं मशीन घेतलं. लांब दांडा, एका टोकाला छोटं इंजिन, दुसऱ्या टोकाला पातं. दुकानदार त्याला ब्रश कटर म्हणतो, मामा त्याला "कटर" म्हणतात आणि आपल्या पोरांनी त्याचं नाव "घुर्रर्र" ठेवलंय.

त्या दिवशी सकाळी मामा मागच्या उतारावर कापत होते. ओलं शेवाळ होतं, पाय घसरला, ते बसकण मारून पडले. हातातलं एक्सलेटर सुटलं. एक्सलेटर सुटल्यावर पातं थांबायला पाहिजे. थांबलं नाही. मामांनी अंगठ्यानं बंद करायचं बटण दाबलं. इंजिन बंद झालं नाही. फिरतं पातं गमबुटाला लागलं, बूट फाटला, आणि आत नडगीला लागलं. गमबूट होता म्हणून सात टाक्यांवर भागलं. समोर जोशीकाकूंच्या नातवंडांसारखी लहान मुलं सायकली फिरवत होती, ती दहा-बारा फुटांवर होती. (काकू, नाव घेतलं, रागावू नका. उदाहरण म्हणून घेतलं.)

पुढच्या रविवारी तातडीची सभा झाली. दवाखान्याचं बिल आणि वीस दिवसांची मजुरी संस्थेनं द्यायची, हे एकमतानं झालं. मग ठरलं की मशीन खराब आहे, भंगारात द्या, नवीन घ्या. नवीनचा अंदाज सोळा-सतरा हजार. मी तेव्हा उठून म्हणालो, "मला आठ दिवस द्या, मी उघडून बघतो." तुम्ही टाळ्या वाजवल्या. पण एक गोष्ट मी त्या सभेत बोललो नाही, ती आज बोलतो. बटण चालत नाही हे मला दोन महिने आधीपासून माहीत होतं.

जूनमध्येच मामा माझ्याकडे आले होते. म्हणाले, "सायेब, ह्यो बटणानं बंदच हुईना झालाय." मी पेपर वाचत होतो. मी म्हणालो, "मामा, चोक ओढा, आपोआप बंद होतंय." आणि ते बंद व्हायचं. तेव्हापासून मामा चोक ओढूनच मशीन बंद करायचे. मी कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला तीस वर्षं काढली. तिथं एखाद्या प्रेसचं लाल बटण चालत नसेल तर मी शिफ्ट थांबवायचो, साहेबांशी भांडायचो. आणि इथं, माझ्याच घरासमोर, मी चोक ओढा म्हणालो. चोक इंजिनाजवळ असतो, म्हणजे पाठीमागे, कमरेच्या बाजूला. पडलेल्या माणसाचा हात तिथपर्यंत पोचत नाही. एवढा साधा विचार मला सुचला नाही.

असो. मशीन उघडलं तेव्हा काय दिसलं ते सांगतो.

आधी पेट्रोलची बाजू. टाकीतून कार्ब्युरेटरकडे एक बारीक नळी जाते. टाकीच्या आत तिच्या टोकाला छोटा फिल्टर असतो, थोडा जड, म्हणजे मशीन कसंही वाकडं केलं तरी तो पेट्रोलात बुडालेला राहतो. कार्ब्युरेटरच्या बाजूला एक पारदर्शक रबरी फुगा असतो, चालू करण्याआधी तो सात-आठ वेळा दाबायचा. फुग्यातून दुसरी नळी टाकीत परत येते. आपल्या मशीनच्या दोन्ही नळ्या वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारख्या कडक झाल्या होत्या. टाकीच्या भोकातून जिथं नळी बाहेर येते तिथं बरोबर एक चीर. पेट्रोल बाहेर पाझरत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण त्या चिरेतून हवा आत ओढली जात होती.

हवा आत गेली की इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. मग ते मंद गतीवर टिकत नाही, एक्सलेटर सोडलं की मरतं. एप्रिल-मेमध्ये ते तसंच मरायचं. मग काय केलं? कार्ब्युरेटरवर मंद गतीचा एक स्क्रू असतो, तो आवळला. कुणी आवळला? मीच आवळला. इंजिन छान घुरघुरायला लागलं, मामा खूष, मी खूष.

आता ह्या इंजिनाच्या पुढे एक क्लच असतो, फिरण्याच्या जोरावर चालणारा. मंद गतीला म्हणजे मिनिटाला तीनएक हजार फेऱ्यांच्या आसपास तो मोकळा असतो, पातं स्थिर. गती वाढली, चार हजारांच्या पुढे गेली, की क्लचचे तुकडे बाहेर फेकले जाऊन डब्याला चिकटतात आणि पातं फिरतं. मी स्क्रू आवळून मंद गतीच इतकी वर नेली की क्लच कधी पूर्ण सुटायचाच नाही. एक्सलेटर सोडलं तरी पातं फिरत राहायचं.

म्हणजे बघा. एक नळी कडक झाली, तिच्यासाठी स्क्रू आवळला. स्क्रू आवळला म्हणून पातं थांबेना. बटण गेलेलं, त्याच्यासाठी चोक. प्रत्येक बिघाडावर एक तात्पुरता उपाय होता आणि प्रत्येक उपाय आपापल्या जागी चालत होता. मामा घसरले त्या क्षणी ते सगळे एकदम उघडे पडले.

नळ्या कडक का होतात, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. रबर म्हातारं होतं हे आहेच. इंजिनाच्या उष्णतेजवळ लवकर होतं. पण पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. २०२२ पर्यंत पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांपर्यंत पोचलं. म्हणजे एक लिटर पेट्रोल घेतलं तर त्यात साधारण दोनशे मिली इथेनॉल. आता इथेनॉलला शिव्या द्यायला मी उभा नाही. समोर बसलेल्यांत निम्म्यांच्या गावाकडं ऊस आहे, आणि ते इथेनॉल आपल्याच कारखान्यांच्या डिस्टिलरीतून निघतं. मला चहा मिळणार नाही! पण इथेनॉलचा स्वभाव माहीत पाहिजे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या पद्धतीच्या रबराला आधी फुगवतं, मग कडक करतं. आणि पाणी फार झालं तर ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं, जिथं आपला फिल्टर असतो. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल आठ दिवसांत संपतं, तिला फारसा फरक पडत नाही. आपलं कटर ऑक्टोबरात ठेवलं की जूनमध्येच निघतं. आठ महिने तेच पेट्रोल पोटात.

शिळ्या पेट्रोलचा एक अनुभव तर इथेनॉल वाढण्याच्या आधीचा आहे. २०१९ चा महापूर आठवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. आपल्या भागात ज्यांची घरं कोरडी राहिली त्यांच्याकडं गावभागातले पाहुणे होते. पाणी उतरल्यावर तळघरांतलं पाणी काढायला आपला छोटा पेट्रोल पंप मागितला, आपण मोठ्या मनानं दिला, आणि तो सुरूच झाला नाही. उन्हाळ्यातलं पेट्रोल आत वाळून कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात लाखेसारखं बसलं होतं. माझ्या मेहुण्यानं बादलीनं पाणी काढलं. तो अजून मला त्यावरून बोलतो.

तर दुरुस्ती. नळी बदलणं अवघड नाही, पण घाई करू नये. पहिलं म्हणजे प्लगची टोपी काढून बाजूला करायची, म्हणजे चुकून दोरी ओढली गेली तरी काही होणार नाही. टाकी रिकामी करायची, मोकळ्या हवेत, जवळपास उदबत्तीसुद्धा नको. मग मोबाईलवर फोटो काढायचा की कुठली नळी कुठं लागते. मी तीस वर्षांचा अनुभव म्हणून फोटो काढला नाही, आणि दोन्ही नळ्या उलट्या लावल्या. फुगा दाबला की टाकीत नुसते बुडबुडे. नातवानं यूट्यूब बघून सांगितलं, "आजोबा, अदलाबदल झालीय."

नवी नळी टाकीच्या रबरी बुचातून आत घालताना तिचं टोक तिरकं कापायचं, टोकाला थोडं पेट्रोल लावायचं, तिरकं टोक भोकातून आत सारायचं, झाकणाच्या तोंडातून लांब चिमट्यानं धरून ओढायचं, आणि मग ते टोक सरळ कापून त्याला फिल्टर बसवायचा. फिल्टर टाकीच्या चारही कोपऱ्यांत पोचला पाहिजे एवढी लांबी ठेवायची. तोकडी ठेवली तर उतारावर मशीन वाकलं की बंद पडतं. बुचही त्याच वेळी बदलावं, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे.

नळी पेट्रोलचीच घ्यावी. आपल्याकडं मिरज शेजारी, दवाखाने भरपूर, त्यामुळं सलाईनची नळी लावायची एक पद्धत पडली आहे. पारदर्शक असते, पेट्रोल दिसतं, फुकट मिळते. पण ते प्लास्टिक पेट्रोलसाठी नाही. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य पेट्रोल ओढून घेतं आणि महिन्याभरात नळी बांगडीसारखी होते. आणि ती तुटली तर पेट्रोल कुठं पडतं? गरम सायलेन्सरवर. ते मशीन त्या वेळी माणसाच्या कमरेला असतं.

कार्ब्युरेटरमध्ये दोन पातळ पडदे असतात. ह्या इंजिनाला मोटारसायकलसारखा तरंगणारा बॉल नसतो, कारण ते आडवं-तिडवं चालवायचं असतं. त्याऐवजी इंजिनाच्या आतल्या हवेच्या ठोक्यावर एक पडदा वरखाली होऊन पेट्रोल ओढतो, दुसरा किती सोडायचं ते ठरवतो. आपले दोन्ही पडदे कागदासारखे वाजत होते. पडदा बोटानं दाबला तर तो जिभेसारखा मऊ पाहिजे. चोकवर सुरू होतं पण रेस दिली की मरतं, असं झालं की पहिला संशय नळीवर, दुसरा पडद्यांवर. आणि दहा मिनिटं चालून मग बंद, झाकण सैल केलं की परत चालू, असं झालं तर टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं असतं. त्याला काहीच खर्च नाही, एक फुंकर.

आता बटण. हे जरा नीट ऐका, कारण इथं आपलं घरचं ज्ञान उलटं पडतं.

घरातला दिवा बंद करायचा तर बटण वीज तोडतं. वायर तुटली तर दिवा आपोआप बंद होतो. ह्या छोट्या इंजिनाला बॅटरी नसते. फिरणाऱ्या चाकात लोहचुंबक असतं, ते कॉईलजवळून गेलं की ठिणगीची वीज तयार होते. जोपर्यंत चाक फिरतंय तोपर्यंत ठिणगी. ती थांबवायला बटण काय करतं? ते वीज तोडत नाही, जोडतं. कॉईलमधून आलेली एक वायर इंजिनाच्या लोखंडाला भिडवतं, वीज तिकडं निघून जाते, प्लगला ठिणगी मिळत नाही. म्हणजे बंद करण्यासाठी बटण जुळलं पाहिजे. वायर तुटली, जोड गंजला, बटणातले पत्रे झिजले, तर इंजिन मजेत चालत राहतं. ते बिघडलंय हे त्याला बंद करायची वेळ येईपर्यंत समजतच नाही. आणि उलट, हीच वायर कुठं सोलली जाऊन लोखंडाला टेकली तर इंजिन सुरूच होत नाही, आणि आपण दोरी ओढून ओढून प्लग, पेट्रोल, नशीब सगळ्याला दोष देतो.

आपल्या मशीनला तर मध्यंतरी कुणीतरी घरातलं दिव्याचं बटण बसवलं होतं. नाव विचारू नका, ते इथेच बसलेत आणि हसतायत. ते बटण खाली केलं की मशीन बंद व्हायचं आणि वर केलं की चालू. मामा बिचारे प्रत्येक वेळी विचारात पडायचे.

बटण तपासायला मल्टिमीटर लागतो. वायर कॉईलपासून सोडवायची, हे विसरू नका, नाहीतर कॉईलमधूनच वीज जाऊन मीटर कायम वाजत राहतो आणि आपण म्हणतो बटण चांगलं आहे. सोडवून मग एक टोक त्या वायरीला, एक इंजिनाच्या अंगाला. "बंद"वर मीटर वाजला पाहिजे, "चालू"वर गप्प. आपला दोन्हीकडं गप्प. बटणातले पत्रे हिरवे झाले होते, आणि शिवाय दांड्याच्या क्लॅम्पखाली वायर दबून आतून तुटली होती. एक दोष काढून मी समाधानानं बसलो असतो तर मशीन तरीही बंद झालं नसतं. अख्खी मूठ मिळते, बटण, एक्सलेटर, केबल सगळं एकत्र, ती बदलली. अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं. मग मंद गतीचा स्क्रू परत मागे घेतला, इतका की एक्सलेटर सोडल्यावर पातं उभं राहिलं. मी दहा मिनिटं त्या उभ्या पात्याकडं बघत बसलो होतो.

नळ्या, फिल्टर, फुगा, पडदे, मूठ, सगळं मिळून हजाराच्या आत. पावत्या फाइलला आहेत, ऑडिटर साहेबांनी बघितल्यात. मात्र प्रत्येक मशीन असं वाचतं असं नाही. तेल न घालता नुसतं पेट्रोल भरून चालवलं आणि सिलिंडरला रेघा पडल्या, तर मी स्वतःच भंगारात द्या म्हणेन.

ह्यानंतर मला जरा भीतीच बसली, म्हणून पुढच्या बागेतलं लॉनवर ढकलायचं मशीनही बघितलं. त्याच्या हँडलला एक दांडी असते, ती धरून ठेवली तरच पातं फिरतं, सोडली की थांबतं. अमेरिकेत १९८२ पासून असा नियमच आहे की अशा मशीनची दांडी सोडल्यावर तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. आपल्या मशीनची दांडी साडीच्या काठानं बांधून ठेवलेली होती. हात दुखतो म्हणून. जांभळा काठ, छान जरीचा. मी सोडला आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

मला कधी कधी नवल वाटतं. इंजिन आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून इथल्या शेतकऱ्याचा हात लोखंडाला लागलाय. विहिरीवरचं इंजिन वेगळ्या आवाजात बोललं तर माझे वडील जेवणावरून उठायचे. सोसायटीचं मशीन मात्र कुणाचंच नसतं. ते जिन्याखाली असतं, आणि जो शेवटचा हात लावेल त्याचं असतं. तो हात बहुतेक वेळा मामांचा असतो.

मामा वीस दिवसांनी कामावर आले. मी त्यांना सगळं सांगितलं, जूनमधलं पण. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला बी कळत हुतंच की सायेब. पर तुमी म्हनला म्हंजे बरोबरच आसंल." ह्या वाक्यावर मला आजही उत्तर नाही.

आता मामा मशीन सुरू करून पातं जमिनीपासून उचलून धरतात, पातं उभं आहे का बघतात, बटण दाबून एकदा बंद करतात, आणि मग पुन्हा सुरू करून कामाला लागतात. बंद झालं नाही तर त्या दिवशी गवत कापायचं नाही, मग अध्यक्षांच्या घरी पूजा असली तरी. हे कार्यकारी मंडळानं लिहून दिलंय आणि जिन्याखालच्या भिंतीवर लावलंय. ऑक्टोबरात शेवटचं काम झालं की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप मरेपर्यंत चालवून मग ठेवायचं, हे मी करतो. पेट्रोल-तेलाचं मिश्रण महिन्यापेक्षा जुनं वापरायचं नाही, उरलं तर माझ्या जुन्या स्कूटरमध्ये घालतो, तिला काहीही चालतं.

माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, पडद्याचा बारीक स्क्रू दिसत नाही. दोन-तीन जण हे शिकले तर बरं होईल, मुली असल्या तरी चालतील, उलट त्यांचा हात हलका असतो. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये सतरंजी टाकून मी मशीन पूर्ण उघडणार आहे. मामा पण येणार आहेत. येताना प्रत्येकानं दात घासायचा एक जुना ब्रश आणि सुती फडकं आणा, आणि मोबाईल चार्ज करून आणा, फोटो काढायला.

चला, चहा आला वाटतं.